कोंढव्यातला शकरखोरा

भवानी पेठेतले आमचे जुने घर पाडून तिथे इमारत उभी करायचे ठरले, तेव्हा अम्मीने बिल्डरच्या माणसाला एकच प्रश्न विचारला होता. खोल्या किती, लिफ्ट आहे का, पाणी किती वेळ येणार, यातले काहीच नाही. "डाळिंबाचं काय?"

अंगणातले ते डाळिंब अब्बांनी लावले होते. फळे फारशी चांगली येत नसत. निम्मी खारींच्या आणि अळीच्या वाट्याला जायची. पण उन्हाळा सुरू झाला की शेंदरी फुलांनी झाड पेटल्यासारखे दिसायचे आणि फजरच्या नमाजनंतर अम्मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यात बसली की तो यायचा. अंगठ्याएवढा, काळा-निळा, उन्हात आला की जांभळा आणि हिरवा चमकणारा, चोच सुईसारखी वाकडी. मराठीत त्याला शिंजीर किंवा सूर्यपक्षी म्हणतात. अम्मी त्याला शकरखोरा म्हणते. उर्दूत त्याचे तेच नाव आहे आणि त्यावर म्हणही आहे, की खुदा शकरखोऱ्याला शकरच देतो. अब्बांचे या बाबतीतले म्हणणे वेगळे होते. त्यांना हदीस आठवायची : माणसाने लावलेल्या झाडावरून माणसाने, जनावराने किंवा पाखराने काही खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून जमा होते. "खारीने डाळिंब खाल्लं तरी आपलंच भलं," म्हणून ते कधी खारींना हुसकावत नसत. अम्मी हुसकावायची.

डाळिंब मुळासकट काढून हलवायचा प्रयत्न आम्ही केला. मे महिना होता. पंधरा दिवसांत ते वाळले. अब्बा त्याआधी चार वर्षांपूर्वीच गेले होते.

आम्ही कोंढव्यात आलो. तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी, लिफ्ट चांगली, शेजार चांगला. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. सकाळी सातला घर सोडायचे, दुपारी परतायचे. अम्मी दिवसभर तसबीह हातात घेऊन दाराकडे तोंड करून बसलेली असायची. गॅलरीकडे पाठ. आम्हाला वाटले, वय झाले, जुना मोहल्ला सुटला, करमत नसेल. थोरलीने एकदा विचारले तेव्हा कळले. "त्यांचं खातं बंद झालं ना," अम्मी म्हणाली. कोणाचे खाते, कुठल्या बँकेत, हे थोरलीला समजले नाही. आम्हाला समजले.

तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय सुरू झाला. तिसऱ्या मजल्यावर शकरखोरा आणायचा कसा?

धाकट्याने मोबाइलवर शोधून पहिला उपाय काढला. अमेरिकेतल्या लोकांच्या अंगणात हमिंगबर्ड कसे येतात, याचे व्हिडिओ तो आम्हाला दाखवू लागला. पाखरू हवेत एका जागी थांबून फुलातला रस पिते, पंख दिसतसुद्धा नाहीत. त्यांच्याकडे लाल रंगाचे प्लास्टिकचे भांडे मिळते, त्यात साखरेचे पाणी भरून टांगायचे. तसे भांडे त्याने ऑनलाइन मागवले. पहिल्या दिवशी मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी मुंग्या आणि मधमाश्या. चौथ्या दिवशी पाणी आंबून वास सुटला आणि भांड्याच्या नळीत काळी बुरशी धरली. शकरखोरा फिरकला नाही.

खरे तर इथेच आम्ही दोन वेगळी पाखरे एक समजून बसलो होतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, त्यांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यातली एकही आपल्याकडे येत नाही. आपला शिंजीर हा आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडचा. दोघांचे घराणे वेगळे. फुलातला रस काढायचा धंदा एकच असल्यामुळे दोघांची चोच लांब, जीभ नळीसारखी आणि अंग चमकदार झाले आहे, एवढेच. फरक मोठा आहे, आणि झाड निवडताना तोच महत्त्वाचा ठरतो : हमिंगबर्ड उडता उडता पितो, आपला शिंजीर बसून पितो. तोही क्षणभर हवेत फडफडत थांबू शकतो, पण त्याला ते परवडत नाही. त्याला पाय टेकायला काडी लागते. प्लास्टिकच्या गुळगुळीत भांड्याला ती नव्हती. आणि असती, तरी बाटलीतले साखरेचे पाणी पाखराला पाजावे असे आम्हाला आता वाटत नाही. पुण्याच्या उन्हात ते एका दिवसात आंबते. फुलाचा रस रोज ताजा असतो आणि भांडे घासायचे काम आपल्यावर येत नाही.

दुसरी चूक आम्ही एम्प्रेस गार्डनमध्ये केली. रेसकोर्सजवळची ही बाग पुणेकरांना सांगायला नको. जुने प्रचंड वृक्ष, त्यांच्यावर चढलेल्या माणसाच्या मांडीएवढ्या वेली, मधून वाहणारा पाण्याचा पाट. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे फुलांचे प्रदर्शन भरते आणि शाळांच्या सहली येतात. आमच्या वर्गाला घेऊन आम्हीही गेलो. प्रदर्शनात डोळे दिपून जातात. आम्ही पिटुनिया घेतले, झेंडू घेतला, दुहेरी पाकळ्यांची भरगच्च जास्वंद घेतली आणि दोन गुलाब. रिक्षात पाय ठेवायला जागा उरली नाही.

गॅलरी सजली. शेजारपाजारच्या बायका बघून गेल्या. शकरखोरा आला नाही. दुहेरी जास्वंदीत निम्म्या पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात. फूल दिसायला मोठे, पण पाखराची चोच रसापर्यंत पोचायला वाट नाही. आणि गुलाबात तर रस जवळपास नसतोच. त्याच्याकडे पराग असतो, तो मधमाशीच्या कामाचा. वर्गात उर्दू शायरी शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे गुल आणि बुलबुल यांचे नाते समजावून सांगत आलो आहोत. ही गोष्ट सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, "मग बुलबुल गुलाबावर कशाला बसते?" आम्ही म्हटले, शायर लोकांनी बसवली म्हणून. वर्ग हसला, पण घरी येताना आमच्या लक्षात आले की आपण गॅलरी शायराच्या नजरेने भरली, पाखराच्या नाही.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. दुकानात जाऊन फूल शोधण्याऐवजी पाखरू शोधायचे आणि ते कुठल्या फुलावर बसते ते बघायचे.

पुण्यात यासाठी फेब्रुवारी-मार्चसारखे दिवस नाहीत. आम्ही रविवारी मुलांना घेऊन वेताळ टेकडीवर गेलो, एकदा तळजाईला गेलो. पाने झडलेली असतात, त्यामुळे पाखरे लपत नाहीत. काटेसावर लाल फुलांनी लगडलेली आणि तिच्यावर मैना, साळुंक्या, कावळे, भोरड्यांचे थवे यांचा बाजार. त्या गर्दीत शिंजीर दबकून बाजूच्या फांदीवर आपले काम करून जातो. पळसावर आणि पांगाऱ्यावर तो जास्त मोकळा दिसला. कब्रस्तानातही तो भेटला. जुम्म्याच्या नमाजनंतर अब्बांच्या कबरीवर फातिहा पढायला गेलो असताना डोक्यावर किलबिल ऐकू आली. वर पांगारा फुललेला, त्यावर नर-मादी दोघे. मादी नरासारखी चमकत नाही. वरून मातकट हिरवी, खालून पिवळी. बरेच लोक तिला दुसरेच पाखरू समजतात. नरसुद्धा विणीचा हंगाम संपला की आपला जांभळा पोशाख उतरवतो, मादीसारखाच दिसू लागतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी ठेवतो. त्याला बघून "शकरखोरा येईनासा झाला" म्हणणारे आम्हाला पुढे बरेच भेटले. तो येत असतो, ओळखू येत नाही.

काटेसावर आणि पांगारा कुंडीत लावता येत नाहीत. पण मुलांनी वहीत टिपण ठेवायला सुरुवात केली होती. शाळेच्या कुंपणावरची साधी एकेरी लाल जास्वंद : बसला. कुणाच्या तरी बंगल्यासमोरची कर्दळ : बसला. रस्त्यामधल्या दुभाजकावरची बोगनवेल : नाही. शेवग्याची पांढरी फुले : बराच वेळ बसला. परसातले केळफूल : बसला आणि दुसऱ्याला हुसकावले. मिरचीसारखी मिटलेली लाल जास्वंद, जिला नर्सरीवाले मिरची जास्वंद म्हणतात, तिच्यात तर त्याने भलतेच केले. पुढून तोंड घालण्याऐवजी देठाजवळ चोचीने भोक पाडले आणि आतला रस ओढला. म्हणजे परागाचे काम केलेच नाही, नुसती चोरी. मुलांना हे फार आवडले.

या टिपणांची गंमत ही, की हे काम फार पूर्वी एका मोठ्या माणसाने केले आहे. डॉ. सलीम अली यांचा 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा घराण्यात जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवले. पोराने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, ही कसली चिमणी म्हणून मामाने त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले आणि तिथून एका आयुष्याला दिशा मिळाली, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. पण त्यांनी 1930 च्या सुमारास कोकणात राहून शिंजीर आणि फुलटोचा यांच्यावर केलेला अभ्यास फार कोणाला माहीत नसतो. आंब्यावरच्या बांडगुळाची फुले कोण उघडते आणि त्याच्या बिया एका झाडावरून दुसऱ्या झाडावर कोण नेते, याचा त्यांनी छडा लावला : फुलांचे काम मुख्यतः शिंजीर करतो, बियांचे फुलटोचा. पुढे 1932 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी भारतातले फुलांवर जाणारे पक्षी आणि पक्ष्यांना बोलावणारी फुले यांवर मोठा लेख लिहिला. आमच्या मुलांच्या वहीचा हा थोरला भाऊ म्हणायचा. पुण्यात कल्याणीनगरजवळ नदीकाठी त्यांच्या नावाने ओळखली जाणारी पक्ष्यांची जागा आहे. तिथेही एका सकाळी गेलो. शिंजीर दिसला. कचराही दिसला.

सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिकांची रांगच लागते. आम्ही जायला निघालो तेव्हा अम्मी बटवा घेऊन दारात उभी. "पैसे मी देणार. त्यांच्या नावे." आणि म्हणाली, मीही येते. दीड वर्षात ती दवाखान्याखेरीज कुठे गेली नव्हती.

या वेळी आम्ही वही घेऊन गेलो होतो. रोपवाटिकेतल्या माणसाने सवयीप्रमाणे आधी भरगच्च फुले दाखवली. अम्मी म्हणाली, "बेटा, दिखावे का नहीं, रस का दे." त्याला ते पटले असावे, कारण मग तो स्वतःच आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे काटक्यांसारख्या हिरव्या लोंबत्या फांद्या आणि त्यांना बारीक लाल नळ्या लागलेल्या होत्या. ही रसेलिया. शेजारी शेंदरी नळ्यांच्या गुच्छांची हमेलिया. दोन्ही मूळच्या अमेरिकेकडच्या, तिकडे हमिंगबर्डना रस पाजणाऱ्या. म्हणजे धाकट्याचा व्हिडिओ अगदीच वाया गेला नव्हता. पाखरू तिकडचे येत नाही, पण फूल आले आहे, आणि आपल्या शिंजिराने ते आपलेसे केले आहे. आम्ही उभे असतानाच एक मादी रसेलियाच्या काडीला उलटी लटकून एकामागून एक नळ्या तपासून गेली. अम्मीने काही न बोलता बटवा उघडला.

आणलेली झाडे थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ जण विचारतात. रसेलिया दोन, टांगत्या कुंडीत. तिला ऊन हवे आणि ती वर्षभर थोडीथोडी फुलत राहते. हमेलिया एक, चौदा इंची कुंडीत. छाटली की नव्या फांद्यांवर फुले येतात, म्हणून कात्री लावायला घाबरू नये. साधी एकेरी लाल जास्वंद. मिरची जास्वंद, चोरी होणार हे माहीत असून. कर्दळ दोन. कोरफड घरात होतीच, पण ती वर्षानुवर्षे सावलीत बसून फुललीच नव्हती. उन्हात ठेवल्यावर थंडीत तिला दांडा आला, आणि त्या दांड्यावरच्या फुलांसाठी पुढे दोन नरांची मारामारी आम्ही पाहिली. आणि एक डाळिंब. अम्मीचा हट्ट. कुंडीतले डाळिंब फळ देईल न देईल, पण फुले देते.

औषध फवारायचे नाही, हे आम्ही उशिरा शिकलो. जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला तेव्हा शेजाऱ्यांनी एक बाटली आणून दिली. शिंजीर नुसता रसावर जगत नाही. कोळी आणि बारीक किडे खातो, पिल्लांना तर मुख्यतः तेच भरवतो. फवारलेला किडा पिल्लाच्या चोचीत जाणार. बाटली परत केली. पाण्याचा जोरदार फवारा, सौम्य साबणाचे पाणी, फारच झाले तर संध्याकाळी कडुनिंबाचे तेल, एवढ्यावर भागवले. फांद्या काही कापाव्या लागल्या. आणखी एक तडजोड अम्मीला जड गेली. गॅलरीतली कोळिष्टके काढायची नाहीत. घरटे शिवायला त्याला तोच धागा लागतो. ज्या बाईने आयुष्यभर जुम्मेरातीला जाळी झाडली, तिला हे सांगणे सोपे नव्हते.

पहिला महिना काहीच नाही. मग एके सकाळी फजरनंतर अम्मीची हाक आली, खूप वर्षांनी ऐकलेली, अंगणातली हाक. रसेलियावर मादी होती. दुसऱ्या आठवड्यात नर आला. त्याला खिडकीच्या काचेत आपलेच रूप दिसले आणि दुसरा नर समजून त्याने काचेवर चोची मारायला सुरुवात केली. काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवले तेव्हा थांबला. अम्मीने खुर्ची फिरवून गॅलरीकडे तोंड केले, तेव्हापासून ती तशीच आहे. धाकट्याने तिला मोबाइलवर दाखवले की याच घराण्यातला एक पक्षी पॅलेस्टाइनचा आहे आणि 2015 मध्ये तिथल्या प्राधिकरणाने त्याला राष्ट्रीय पक्षी म्हटले. अम्मीने तो फोटो बराच वेळ पाहिला. बातम्या लागल्या की ती आता त्या पाखराची चौकशी करते. आम्ही काय सांगणार?

यंदा शाबानच्या अखेरीस मादीने कपडे वाळत घालायच्या तारेवर काम सुरू केले. एकटीच. नर जवळच्या वायरवर बसून गात असे. गवताच्या काड्या, झाडाच्या सालीचे तुकडे, कागदाचा कपटा, सगळे कोळिष्टकाने बांधलेले. लांबून बघावे तर वाऱ्याने अडकलेला केर. बाजूला भोक आणि त्यावर छोटीशी पडवी. रमजान लागला त्या आठवड्यात ती आत बसू लागली. कपडे आम्ही खोलीत वाळत घालू लागलो.

आणि त्याच आठवड्यात सोसायटीची नोटीस लागली : इमारतीला रंग, ईदच्या आत.

कोणाचे काही चुकले नव्हते. वर्गणी सहा महिने आधी गोळा झालेली, आम्हीही दिलेली. ईदला पाहुणे येणार, रंग हवाच. आम्ही सेक्रेटरींना भेटलो. ते म्हणाले, "मास्तर, एका चिमणीसाठी चाळीस घरांनी थांबायचं?" प्रश्न रास्त होता. आमच्याकडे उत्तर नव्हते. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिल्ले उडायला आणखी दोन, एवढा हिशेब आम्ही सांगितला. आमच्या रांगेत खाली दोन घरे आणि वर चार. बांबूची परांची बांधली की ती आमच्या तारेला खेटूनच जाणार. वरच्या घरच्या बाईंनी स्पष्ट सांगितले की त्यांच्या मुलीचे नाते ठरायचे आहे, ईदला मुलाकडचे येणार आहेत. त्यांना आम्ही काय बोलणार?

आम्ही शाळेत गेलो होतो. मागे काय झाले ते थोरलीने सांगितले. रंगकामाचा मुकादम माप घ्यायला आला, तेव्हा अम्मी स्वतः जिना उतरून खाली गेली. त्याला वर आणले, गॅलरीत उभे केले आणि तारेकडे बोट दाखवले. तो बिहारकडचा, रोजेदार. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "शकरखोरा है, अम्मा. हमारे आँगन में भी होता था." त्याने वर गच्चीवर जाऊन पाहिले, खाली येऊन सेक्रेटरींशी बोलला. परांची बांधायची नाही. दोरीचा झुला सोडून वरून खाली रंगवत यायचे. दिवस थोडे जास्त लागतील, मजुरी तीच. फक्त आमच्या गॅलरीभोवतीचा दहा-बारा फुटांचा पट्टा सोडायचा, तो ईदनंतर. त्या दिवसापासून इफ्तारच्या वेळी खजूर आणि खिचड्याचे भांडे खाली मजुरांकडे जाऊ लागले. ते अम्मी स्वतः भरून द्यायची.

झुल्यावरची माणसे आमच्या शेजारून उतरायची तेव्हा मादी घरट्यातून उडून समोरच्या वायरवर बसायची आणि चिक-चिक ओरडायची. ती माणसे तेवढ्या पट्ट्यापाशी हात आवरून, श्वास रोखल्यासारखी खाली सरकायची. एक दिवस ती तासभर परतली नाही. अम्मीने त्या दिवशी इफ्तार नीट केली नाही. मगरीबनंतर अंधारात टॉर्च मारून बघायचा मोह आम्ही टाळला. सकाळी चोच भोकातून बाहेर दिसली.

दोन अंडी असतात असे पुस्तकात आहे. आम्हाला एकच पिल्लू दिसले. दुसऱ्याचे काय झाले ते कळले नाही, आणि अम्मीने विचारलेही नाही. ईदच्या तिसऱ्या दिवशी ते पिल्लू हमेलियाच्या कुंडीच्या काठावर बसले होते, तिथून कर्दळीवर, तिथून गेले. मादी त्याला आणखी काही दिवस समोरच्या झाडावर भरवत होती.

मुकादम कबूल केल्याप्रमाणे आला आणि राहिलेला पट्टा रंगवून गेला. पण आधीचा डबा संपला होता आणि नव्या डब्याचा रंग एक छटा गडद निघाला. त्यामुळे खाली रस्त्यावरून आमची गॅलरी आता लगेच ओळखू येते. वरच्या बाईंच्या मुलीचे नाते ठरले. घरटे अजून तारेवर आहे, कपडे अजून खोलीत वाळतात.